चिंधी बांधलेलं तवसं

आत्या, पाऊस गेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटची सर आली, ती इतकी बारीक की वाळत घातलेले कपडे काढायलाही कोणी उठलं नाही. त्यानंतर आकाश जे मोकळं झालं ते झालंच. दुपारी ऊन भाजून काढतं आणि पहाटे चादर ओढावी लागते. विहीर काठोकाठ आहे. वाडीत गवत कमरेएवढं वाढलंय. ते कोणी काढायचं यावर बाबा आणि नीलेशदादा यांचे दोन फोन झाले, गवत आहे तिथेच आहे. सुपारीचे घोस पिवळे पडायला लागलेत. मांजरीला तुझ्या खोबऱ्याच्या टोपलीत तीन पिल्लं झाली. त्यातलं एक कोणी जवळ गेलं की आधी गुरगुरतं आणि मग मांडीवर येऊन बसतं. त्याला आम्ही तुझं नाव ठेवलेलं नाही, पण सगळ्यांच्या मनात आलंय.

मी खारघरला होते तेव्हा दर रविवारी सकाळी तुझा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "हां, बातम्या सांग." आणि मी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "काही नाही, सगळं ठीक." मग तूच दहा मिनिटं चौलच्या बातम्या द्यायचीस. कोणाच्या पोफळी पडल्या, कोणाच्या घरी पाहुणे येऊन जात नाहीयेत, जैनबने काय केलं, तू तिला काय म्हणालीस. फोन ठेवताना म्हणायचीस, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीला पाणी घालायचं. पण असो, भिंत ओली तरी होते."

दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेऊन महिनाभरासाठी तुझ्याकडे आले आणि राहूनच गेले, तेव्हाही तू मला बोलायला लावलं नाहीस. कोणी आलं, मला काही विचारलं, की तू मध्येच सांगून टाकायचीस, "ती बोलत नाही. पण ऐकते सगळं." मला तेव्हा बरं वाटायचं. आता कळतं, ते वाक्य तुला वाटत होतं त्यापेक्षा जास्त खरं होतं.

हे लिहायला मी आधी इंग्रजीत सुरुवात केली होती. शाळेपासून मनातलं लिहायचं म्हटलं की मी इंग्रजीकडेच वळते. चार ओळी झाल्या आणि लक्षात आलं की मी कोणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहितेय. तुझ्याशी त्या भाषेत मी कधी बोललेच नव्हते. म्हणून फाडून टाकलं.

त्या सकाळबद्दल मी लिहिणार नाही. तेराव्याला कोण कोण आलं, कोणी काय म्हटलं, तेही नाही. फक्त एक सांगते. तू गेलीस त्या दिवशी अंगणात माणसं जमली तेव्हा जैनबमावशी कुंपणातल्या वाटेपाशी येऊन उभी राहिली. तुमच्या दोघींच्या वाड्यांमधली ती वाट, चाळीस वर्षं तुम्ही येऊन-जाऊन पाडलेली. ती तिथवर आली आणि पुढे आली नाही. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. बाबा म्हणाले, "या ना, आत या." तिने मान हलवली आणि म्हणाली, "तिनं बोलावलं न्हाय मना." तुला नेलं तरी ती तिथेच होती.

आणि तिने तिथेच उभं राहायचं कारण मी होते, आत्या. हे तुला माहीत नव्हतं असं मी परवापर्यंत समजत होते.

गेल्या वर्षी याच दिवसांत तन्वी आली होती, आठवतं? माझी शाळेतली मैत्रीण, काशीदला जाताना एक रात्र राहिलेली, तुला "आंटी" म्हणाली म्हणून तू तिच्याकडे दिवसभर तिरकं बघत होतीस. दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या गाडीने अलिबागला गेलीस. मला तन्वीला वाडी दाखवायची होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कोणाला दाखवण्यासारखं काहीतरी होतं. मी तिला मिरीचे वेल दाखवले, जायफळ दाखवलं, जणू सगळं मीच लावलंय. मग म्हटलं, वेलावरचं ताजं तवसं खाऊ घालते. एवढी मोठी काकडी तिने कधी पाहिली नव्हती. वेलावर एकच उरलं होतं, कुंपणाच्या बाजूला, जाड, पिवळं पडलेलं. त्याच्या देठाला निळी चिंधी होती. तू तर सगळ्यालाच चिंध्या बांधायचीस, पडवळाला, मिरीला, फाटकाच्या बिजागरीलासुद्धा. मला वाटलं, वेल कुंपणाला धरून राहावा म्हणून बांधली असेल. सुरीने देठ कापला.

ते आंबट निघालं. बिया दातांत येत होत्या. तन्वीने दोन फोडी खाल्ल्या आणि "इंटरेस्टिंग" म्हणाली. बाकीचं सालं-बियांसकट मी मागच्या खतखड्ड्यात टाकलं.

चिंधी म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिलं चांगलं धरलेलं तवसं खायचं नाही, त्याला खूण करून वेलावरच पिकू द्यायचं, त्याचं बी राखेत घोळवून पुढच्या पावसासाठी ठेवायचं. तुझ्या आणि जैनबमावशीच्या वाडीत एकच बी होतं. एक वर्ष ते तुझ्या डब्यात राहायचं, एक वर्ष तिच्या, आणि मृगाला दोघी वाटून घ्यायच्या. ते वर्ष तुझं होतं. शेपटाकडे तीन पांढऱ्या रेघा असलेलं ते तवसं तुमच्या दोघींशिवाय कुणाकडेच नव्हतं, असं तू म्हणायचीस. मी कुठे पडताळायला गेले होते.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तुम्ही दोघी सामाईक विहिरीवर होतात. तुझा आवाज आधी नेहमीचाच होता.

"जैनब, माझं तवसं कुठं गेलं?"

"माझ्या पदरात हाय, बघ," ती म्हणाली आणि हसली.

"हसू नको. खूण बांधलेलं होतं ते. देठ सुरीने कापलाय. माकडं सुरी घेऊन येत नाहीत."

"मग मी सुरी घेऊन आले व्हय तुझ्या वाडीत?"

"तू कशाला येशील? तुझी सून नवी आहे. तिला काय ठाऊक चिंधी कशाची ते."

रुबीना तिथेच कळशी भरत होती. म्हसळ्याहून लग्न होऊन येऊन तिला आठ महिने झाले होते, नवरा कतारला. तिने अर्धी भरलेली कळशी उचलली आणि घरात गेली. मी हे सगळं जाळीच्या खिडकीतून पाहिलं.

"मालू," जैनबमावशी म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती, "माझी सून इचारल्याबिगर कढीपत्त्याचं पान तोडत न्हाय."

"मग देठ काय आपोआप कापला गेला?"

"ते तुझं तू बघ. माझ्या घरात चोर न्हाय."

"मी चोर म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस गो?"

तू उत्तर दिलं नाहीस. तू चुकलीस की तुझं उत्तर बंद होतं, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तू एवढंच म्हणाली असतीस की "जाऊ दे", तर तेवढ्यावर मिटलं असतं. तू बादली उचलून आत आलीस आणि मला म्हणालीस, "चहा उकळून काळा झालाय. लक्ष कुठंय?"

मी तेव्हा सांगायचं होतं. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तू गप्प होतीस म्हणून सकाळी सांगू म्हटलं. आठवडा गेला आणि मग ती गोष्ट सांगण्याएवढी लहान राहिली नाही. मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला वर्षभर सांगत होते. तू मला विचारलंच नाहीस. तुझ्या मनातच आलं नाही, कारण माझ्या हातात सुरी बघितली की तू ती काढून घ्यायचीस, "बोट कापशील" म्हणून.

नंतर गल्लीतला तो एक जण ओट्यावर येऊन बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मालूताई, त्यांच्याशी एवढं घरोब्याने राहिलात, हे असं होणारच." तू सुपारी कातरत होतीस. अडकित्ता खाली ठेवलास. "भांडण माझं आहे आणि तवशावरून आहे. तुझं काय हरवलंय?" तो उठून गेला. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली, की मी लॅपटॉप उघडून नसलेल्या मीटिंगला बसले.

वर्षभर कुंपणातल्या त्या वाटेवर गवत वाढलं. या पावसाळ्यात दोन्ही घरांनी बाजारातलं बी लावलं. काकड्या आल्या, लांबलचक, पाणचट. तू पहिली खाऊन म्हणालीस, "हिला काकडी म्हणायचं तर पाण्याला सरबत म्हणावं लागेल." पलीकडे जैनबमावशी काय म्हणाली असेल, ते तुलाही ऐकायचं होतं. तू क्षणभर कुंपणाकडे बघितलंस.

मग गणपती आले. दरवर्षी मोदकांचं पहिलं ताट पलीकडे जायचं. यंदा तू काहीच बोलली नाहीस म्हणून मीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर तू ताट भरलेलं. एकवीस मोदक, वर केळीचं पान. ते टेबलावर ठेवून तू पदराला हात पुसत उभी राहिलीस.

"ईशू, नेऊन देशील?"

मला जैनबमावशीच्या समोर जायचं नव्हतं. त्याहून रुबीनाच्या समोर जायचं नव्हतं. मी म्हटलं, "तूच जा ना, आत्या. तू गेलीस तर त्यांना जास्त बरं वाटेल." किती शहाणपणाचं वाटेल असं मी ते म्हटलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. बराच वेळ. मला वाटलं, तुझा हट्ट आडवा येतोय आणि तू मनात झगडतेयस. "बरं," म्हणालीस आणि फुलं निवडायला बसलीस. संध्याकाळी ते ताट तिथेच होतं. तू पान काढलंस आणि मोदक आरतीला आलेल्यांना वाटून टाकलेस.

त्यानंतर बारा दिवस तू होतीस.

आता परवाची गोष्ट. तेराव्याला आलेली माणसं गेली होती. बाबांना वाडीचं काय करायचं ते ठरवायचं होतं. नीलेशदादाला दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायच्या आहेत, त्याने फोनवर चित्रंही दाखवली. सगळे बोलत होते. मी म्हटलं, "पुढच्या पावसापर्यंत मी इथेच राहणार आहे. तोवर काही बांधायचं नाही." सगळ्यांनी वळून बघितलं, बहुतेक माझा आवाज ओळखू न आल्यामुळे. बाबा म्हणाले, "बरं." इतकं सोपं होतं ते. मग मी बाहेर पळाले आणि काहीतरी करायचं म्हणून खतखड्ड्याकडची झावळं ओढायला लागले.

झावळांखाली वेल होता. खड्ड्याच्या कडेने वर येऊन शेवग्यावर चढलेला, पानं आता करपायला लागलेली. त्याला एकच फळ होतं. जाड, पिवळं पडत आलेलं, शेपटाकडे तीन पांढऱ्या रेघा. आणि देठाला चिंधी.

मी बांधली नव्हती ती चिंधी. ती तुझी गाठ होती, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. पावसाने रंग विटला होता, म्हणजे श्रावणातली असणार, फळ अंगठ्याएवढं असतानाची. वेलावर झावळं टाकलेली होती तीही आपोआप पडलेली नव्हती. तू ती रचली होतीस. माकडांपासून म्हण, किंवा माझ्यापासून.

मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. तुझं डोकं कसं चालायचं ते मला माहीत आहे. वेल बघून तू खूश झाली असशील, मग पानं उलटून बघितली असशील, मग फळ धरल्यावर रेघा. मग विचार केला असशील की हे बी इथे आलं कुठून. या खड्ड्यात फक्त आपल्याच स्वयंपाकघरातलं पडतं. घरात माणसं दोन. त्या दिवशी अलिबागला गेलेली एक.

म्हणजे तुला माहीत होतं. आणि महिनाभर तू मला काही बोलली नाहीस. फक्त ताट भरलंस आणि विचारलंस, नेऊन देशील?

मी ते वाक्य तेव्हापासून शंभर वेळा ऐकलंय. तू मला संधी देत होतीस की तुलाच एकटीने जायची हिंमत होत नव्हती? माझ्या तोंडून निघावं म्हणून थांबली होतीस, की माफी मागायची पाळी स्वतःवर आली हे तुला पचत नव्हतं? कदाचित दोन्ही. आपण दोघी एका घरात, एकाच गोष्टीवर गप्प बसून, एकमेकींना चहा देत होतो. तू मला नेहमी म्हणायचीस की मी बाबांवर गेलेय. नाही, आत्या.

तुझा राग आला मला. पहिल्यांदाच. मग तो ओसरला आणि जे उरलं त्याला मी काय म्हणू ते कळत नाही. तुला माहीत असूनही तू माझ्या चहात आलं घालत राहिलीस, मला आवडतं तसं, किसून नाही, ठेचून. मी झोपले की पंखा एकने कमी करत राहिलीस. तुझ्या वागण्यात काही फरक पडल्याचं मला कळलं नाही, आणि मी बारीक बघणारी आहे.

आज सकाळी मी गेले.

वाटेवरचं गवत पायांनी बाजूला करत गेले. जैनबमावशी ओट्यावर सुपात जवळा घेऊन निवडत होती. मला बघून सरकली. "बस."

मी उभीच राहिले. बसले असते तर सांगता आलं नसतं. "मावशी, गेल्या वर्षीचं तवसं मी तोडलं होतं. खूण बांधलेलं. मला खूण कळली नाही."

तिचा हात सुपात थांबला. "परत सांग."

मी परत सांगितलं. तन्वी, सुरी, खड्डा, सगळं.

"आनि आमी इहिरीवर भांडत होतो तवा तू कुठं होतीस?"

"स्वयंपाकघरात."

"ऐकत होतीस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ती ओरडेल. तिचा आवाज उलट खाली गेला. "एक वरस गो. एक वरस मी तिचं तोंड बघितलं न्हाय. तिचा खोकला यायचा मना कुंपणाच्या पलीकडून. मग मी पन खोकायची, मुद्दाम. म्हंजे तिला कळावं, मी हाय."

आत्या, तू घरात कधी खोकायची नाहीस. फक्त मागच्या अंगणात गेलीस की. मला वाटायचं, धूळ असेल. मी हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कारण मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच माझ्यावर चिडली. "जा. जा माझ्यासमोरनं. शिकलेली पोर तू, दोन शब्द बोलता आले न्हाईत तुला?" मी वळले. "थांब! मना सांगून काय मोठं काम केलंस? जिच्यावर आळ आला तिला सांग जा. मागं हाय ती."

रुबीना मागच्या पडवीत विळीवर बसून बांगडे साफ करत होती. माझ्याच वयाची आहे. वर्षभरात आम्ही एकमेकींना फक्त रस्त्यावर भेटलो होतो. ती विहिरीवर यायची ते मागची वाट सोडून, रस्त्याने वळसा घालून यायची. परततानाही तसंच, भरलेली कळशी घेऊन. मी रोज बघायचे.

मी सांगितलं. तिने काम थांबवलं नाही. एक बांगडा झाला, दुसरा घेतला.

"अच्छा," ती म्हणाली. "तुम्ही होतात."

"हो."

"मालूखालांना माहीत होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. जैनबमावशीला मी खड्ड्यातल्या वेलाचं सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही, तिथपर्यंत पोचलेच नव्हते. आता मी "नाही" म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. तुझ्याबद्दल कोणाला काही वाटलं नसतं. तू गेलेली आहेस. गेलेल्या माणसासाठी एवढं सगळेच करतात. मी तुझ्यासाठी काहीच केलं नव्हतं, हे तरी करावं असं वाटून गेलं.

पण मी एकदा गप्प बसून त्या मुलीचं वर्ष घेतलं होतं.

"माहीत होतं," मी म्हटलं. "महिनाभर तरी." आणि चिंधीचं सांगितलं.

"महिनाभर," रुबीना म्हणाली. पाण्याचा तांब्या घेऊन हात धुतले. "आणि आल्या नाहीत."

"नाही आल्या."

"गणपतीत अम्मी दोन दिवस फाटकाकडे बघत होती. म्हणत होती, आज ताट येईल बघ."

"ताट भरलं होतं तिने. मला ने म्हणाली. मी नेलं नाही."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या कपाळावर एक खवला चिकटला होता. "हे अम्मीला सांगितलंस? मालूखालांना माहीत होतं ते?"

"अजून नाही. आता सांगते."

"नको." ती उठली आणि ओट्याकडच्या दारात डोकावून आली. "एका दिवसाला एक बास. नमाज झाली की तुझ्या आत्यासाठी दुवा मागत बसते ती. भाजीत मीठ जास्त झालं तर म्हणते, मालू असती तर बोलली असती. आत्ताच तिला हे नको. मी सांगेन. थोडे दिवस जाऊ दे."

"तुला राग नाही येत?"

"येतो ना," ती म्हणाली, अगदी साधं, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. "तुझा पण येतो, त्यांचा पण येतो. जाईल तेव्हा जाईल. अम्मीचं काय, तिला एकच मैत्रीण होती."

मग ती म्हणाली की बांगडे जास्त आहेत, आणि चार केळीच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी सवयीने नको म्हणणार होते. म्हटलं नाही. निघताना जैनबमावशी ओट्यावर नव्हती. वेलावरच्या तवशाचं मी तिला कसं सांगू, कारण यंदाचं वर्ष तिचं आहे, असं मी रुबीनाला विचारलं. ती म्हणाली, तेही माझ्यावर सोड.

रुबीनाने सांगेपर्यंत हे पान कोणाला दाखवायचं नाही, असं मी ठरवून इथवर लिहून ठेवून दिलं होतं. त्याला आता नऊ दिवस झाले. काल तिने सांगितलं. जैनबमावशी काय म्हणाली ते मी विचारलं नाही. पलीकडे भांडी जरा जास्त जोरात वाजली, आणि संध्याकाळी ती काठी टेकत इकडच्या खतखड्ड्यापर्यंत आली, तवसं हातात तोलून बघितलं आणि म्हणाली, "आठ दिवस ऱ्हाऊ दे अजून." माझ्याशी नाही. कोणाशी ते मी ओळखलं. मग तिथेच उभी राहून तुला बरंच काही बोलली. मी आत निघून गेले. ते ऐकायचं नव्हतं मला. या वेळी खरंच नाही ऐकलं.

आत्या, रुबीनासमोर तुझं नाव वाचवता आलं असतं. एक "नाही" पुरलं असतं. मी तुला उघडं पाडलं आणि तुला पाठीशी घातलं कोणी, तर जिच्यावर तू आळ घेतला होतास तिने. हे ऐकून तू आधी माझ्यावर भडकली असतीस, मग दोन दिवस गप्प झाली असतीस. तिसऱ्या दिवशी काहीतरी ताटात घेऊन त्या वाटेने गेली असतीस, असं मला फार वाटतं. पण महिनाभर तू गेली नव्हतीस, तेही मला दिसतं. अजून थोडे दिवस मिळाले असते तर गेली असतीस का, हे मला कधी कळणार नाही आणि मी ते आता तुझ्या बाजूने ठरवणारही नाही.

मी जाऊन आले.